वादकांचे कैवारी : जोसेफ हायडन

सिंफनी या संगीतप्रकाराचे जनक म्हणून गौरविले गेलेले जोसेफ हायडन यांचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनविणारे कारागीर होते. बालवयातच व्हिएन्ना येथील सेंट स्टीफन महामंदिराच्या गायनवृंदात त्यांची निवड झाली. वयात येताना आवाज फुटला, तेव्हा त्यांना तेथून बाहेर पडावे लागले व पुढील काही वर्षे हलाखीत काढावी लागली.

१७६१ साली ते एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत रुजू झाले. करारानुसार त्यांना चाकराचा गणवेष घालावा लागे, दररोज हुकमासाठी हजर राहावे लागे आणि त्यांच्या रचनांवर मालकी धन्याची असे. वाद्यवृंदाची शिस्त राखणे हे त्यांचे काम होते. परंतु वादकांची गाऱ्हाणी धन्यापुढे मांडणे हेही त्यांनी आपले कर्तव्य मानले. वादक त्यांना प्रेमाने 'पापा' म्हणत.

१७७२ साली प्रिन्स निकोलाऊस यांचा मुक्काम हंगेरीतील एस्टरहाझा येथील प्रासादात लांबला. बहुतेक वादकांना कुटुंब सोबत आणण्यास मनाई होती. त्यांची बायकामुले दूर आयझेनश्टाट येथे होती. हायडन यांनी तक्रार-अर्जाऐवजी नवी सिंफनी रचली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपले वादन संपवून, मेणबत्ती विझवून निघून गेला. शेवटी फक्त दोन व्हायोलिने उरली. धन्याने मर्म ओळखले व दरबार आयझेनश्टाटला परतला, अशी नोंद त्यांच्या चरित्रकारांनी केली आहे. ही रचना 'निरोपाची सिंफनी' म्हणून प्रसिद्ध आहे.

१७७५ साली त्यांनी बायबलमधील तोबियाच्या कथेवर ऑरेटोरिओ रचला, तो वादकांच्या विधवा व अनाथ मुलांना साहाय्य करणाऱ्या व्हिएन्नातील संस्थेसाठी. १७७९ च्या नव्या करारात त्यांच्या रचनांवरील धन्याची मक्तेदारी संपली.

हायडन श्रद्धावंत कॅथोलिक होते. रचना अडली की ते रोझरी हाती घेत आणि हस्तलिखिताच्या अखेरीस देवाची स्तुती लिहीत. ३१ मे १८०९ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

श्रमिकाचे योग्य वेतन, विश्रांती व कुटुंबजीवन यांचा कैवार पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्राद्वारे घेतला. त्याच्या शतकभर आधी हायडन यांनी ती जाणीव वाद्यांतून प्रकट केली होती. आपल्या घरी राबणारी मोलकरीण, चर्चमधील सेवक, ऑर्गनवादक यांना त्यांचा मोबदला व हक्काची सुट्टी वेळेवर मिळते ना, हे पाहणे आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे. त्यांना त्यासाठी मेणबत्ती विझवावी लागू नये.