डॉ. आंबेडकर आणि मतपद्धतींचा प्रश्न

मताधिकार मिळाला म्हणजे न्याय्य प्रतिनिधित्व मिळालेच, असे नाही. मते कशी दिली व मोजली जातात, यावरही ते अवलंबून असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना याचा अनुभव आयुष्यभर आला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष दिली. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. परंतु महात्मा गांधींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडण्याचा अधिकार अस्पृश्य मतदारांकडे राहिला, अंतिम निवड मात्र संयुक्त मतदारसंघाकडे गेली. संख्या वाढली, निर्णायक मत इतरांच्या हाती गेले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत होती. संख्येने अल्प असलेल्या संघटित समाजाला ही पद्धत अनुकूल ठरते. आंबेडकर व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे अनेक उमेदवार त्या निवडणुकीत विजयी झाले.

१९४६ मध्ये ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. तेथे आमदारांनी एकल संक्रमणीय मतपद्धतीने मतदान केले होते. या पद्धतीत मतदार पसंतीक्रम देतो आणि विजयी उमेदवाराची जादा मते पुढच्या पसंतीकडे वळतात. त्यामुळे लहान गटालाही त्याच्या प्रमाणात जागा मिळू शकते. फाळणीनंतर त्यांची जागा गेली व १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले.

असे असूनही, जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेसाठी हीच पद्धत सुचविणाऱ्या दुरुस्तीला त्यांनी विरोध केला, हे विशेष. साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि विखुरलेल्या सभागृहात सरकार अस्थिर होण्याची भीती, ही त्यांची कारणे होती. लाभ कोणाला, याचा विचार त्यांनी तेथे दूर ठेवला, असेच म्हणावे लागेल.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबई शहर या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेसाठी उभे राहिले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, मात्र दोन्ही एकालाच देण्याची मुभा आता नव्हती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी त्यांचा पराभव केला. त्याच वर्षी मुंबईच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले, आणि ते एकल संक्रमणीय मतपद्धतीनेच.

१९५४ मध्ये भंडारा येथील लोकसभा पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द करण्यात आले.