वसतिगृहांचे छत्रपती : राजर्षी शाहू महाराज

परगावाहून मुंबईस शिकावयास येणाऱ्या आपल्या मुलांसाठी गोवंडीस एखादे वसतिगृह काढावे, असा विचार मंडळाच्या सभासदांत चालू आहे. अशा वेळी करवीरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज यांच्या चरित्रातील वसतिगृहांचे प्रकरण वाचकांपुढे ठेवणे उचित वाटते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

दरबारात आणि कचेऱ्यांत एकाच वर्गाचे लोक बहुसंख्य आहेत व बहुजनसमाज विद्येवाचून मागे पडला आहे, हे त्यांनी पाहिले. त्याहून बारीक अशी एक गोष्टही त्यांच्या लक्षात आली. खेड्यातील मुलास नुसती फी माफ करून भागत नाही; शहरात आल्यावर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे? ब्राह्मण विद्यार्थ्यास वार लावून जेवण्याची वा माधुकरीची सोय होती. शेतकऱ्याच्या पोरास ती नव्हती. अस्पृश्य मुलास तर कोणी ओसरीवरही उभे करीत नसे. अंथरूण आणि अन्न यांवाचून पुस्तक उघडत नाही, हे महाराजांनी ओळखले.

प्रथम १८९६ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. हेतू उदात्त होता. परंतु काही काळातच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. दार सर्वांस उघडे असले, तरी ज्यांच्या घरी विद्येची वहिवाट होती तेच आत शिरले. या अनुभवाने महाराजांनी मार्ग बदलला.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले व त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. १९०६ मध्ये मुसलमानांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे, आणि पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार अशा अनेक समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ मध्ये शिकारीतील अपघातात निवर्तले. १९२० मध्ये त्यांच्या नावे कोल्हापुरात गरीब मुलांसाठी मोफत बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी नाशिकच्या मराठा वसतिगृहाची कोनशिला महाराजांच्या हस्ते बसली. दरबाराने जागा द्यावी, इमारत वा वार्षिक मदत द्यावी, आणि व्यवस्था त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांनी पाहावी, अशी साधारण रीत होती. आपले म्हणून माणूस जे चालवितो ते टिकते, हा त्यामागील व्यवहार होय.

यावरून महाराज जातिभेदाचे पुरस्कर्ते होते असे कोणी समजेल तर ती मोठी चूक ठरेल. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखून ठेवणाऱ्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या याच राजाने १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. निरनिराळी वसतिगृहे ही त्यांच्या दृष्टीने शिडी होती, भिंत नव्हे. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांचा हेतू कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे नेला. कोल्हापुरात विद्यार्थी असता जातिबंधनाचा जाच त्यांनी स्वतः सोसला होता. साताऱ्यास १९२४ मध्ये त्यांनी जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. आणि त्यास नाव दिले शाहू महाराजांचेच. मराठी मुलखात वसतिगृहाचा इतिहास असा वेगळ्या चुलीपासून एका पंक्तीपर्यंत आला आहे.

आता आपल्याकडे वळू. गोवंडी स्टेशनापासून थोड्याच अंतरावर देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून आहे. दूरदूरच्या प्रांतांतील मुले-मुली तेथील वसतिगृहांत एकत्र राहतात. मीही मॅट्रिक होऊन मुंबईस आलो तेव्हा एका नातेवाइकाच्या खोलीत, त्यांची मुले निजल्यावर, मोरीजवळच्या दिव्याखाली अभ्यास करीत असे. गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एक हुशार मुलगा प्रवेश मिळूनही राहण्याची सोय न झाल्याने गावी परतला. त्याचे उतरलेले तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून वसतिगृह अवश्य व्हावे. वर्गणी, जागा व देखरेख आपली असावी. परंतु आपली मुले राहून जितक्या खाटा शिल्लक राहतील, तितक्या अन्य समाजांतील गरजू मुलांस द्याव्यात, आणि पंगत मात्र एकच असावी, असा ठराव पहिल्याच सभेत व्हावा, ही माझी नम्र विनंती आहे. दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाची अडचण जात पाहून येत नाही. ज्या राजाने सर्वांसाठी दारे उघडली, त्याचे स्मरण करून आपण आपल्या दारास आतून कडी घालू नये.