न्यायाधीश आल्बियन टूर्जे

आगगाडीच्या डब्यात कोणी कोठे बसावे हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु याच प्रश्नासाठी ज्यांनी आपल्या उतारवयातील कित्येक वर्षे मोबदल्यावाचून वेचिली, त्या अमेरिकेतील एका वकिलाचे वृत्त आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आल्बियन टूर्जे यांचा जन्म सन १८३८ मध्ये ओहायो संस्थानात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. बालपणी अपघाताने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. सन १८६१ मध्ये गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडील संस्थाने फुटून निघाली व युद्ध जुंपले, तेव्हा ते उत्तरेच्या सैन्यात शिरले. पहिल्याच मोठ्या लढाईत तोफेच्या गाड्याचा पाठीस असा तडाखा बसला की ते दुखणे जन्मभर त्यांच्या सोबतीस राहिले. पुढे ते शत्रूच्या कैदेतही पडले. सुटून आल्यावर त्यांनी एमा किलबोर्न या बाईंशी विवाह केला व वकिलीची सनद मिळविली.

सन १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली. त्याच वर्षी टूर्जेसाहेब उत्तर कॅरोलायना संस्थानातील ग्रीन्सबरो गावी राहावयास गेले. सन १८६८ मध्ये त्या संस्थानाची नवी घटना रचण्यासाठी जी सभा भरली, तीत ते निवडून आले. काळ्यागोऱ्या सर्व पुरुषांस मताचा हक्क, मुलांसाठी मोफत शाळा, आणि फटक्यांच्या शिक्षेचा शेवट, या गोष्टी त्या घटनेत आल्या. त्याच वर्षी ते न्यायाधीश झाले, व सहा वर्षे त्या जागेवर राहिले.

ही सहा वर्षे सोपी नव्हती. कू क्लक्स क्लॅन नावाची टोळी रात्री तोंडे झाकून हिंडे आणि मत देऊ पाहणाऱ्या काळ्या लोकांस मारझोड करी. सन १८७० मध्ये वायट आउटलॉ या काळ्या पुढाऱ्यास तिने ग्रॅहम गावी न्यायकचेरीजवळील झाडास फाशी दिले. टूर्जेसाहेबांस धमक्या येत, तरी ते गावोगाव कचेरी चालवीत राहिले, आणि त्यांच्या खटपटीने क्लॅनच्या ६३ जणांवर आरोप ठेवण्यात आले. परंतु कायदेमंडळ विरुद्ध पक्षाच्या हाती गेले होते. त्याने कायदा फिरवून गुन्हेगारांस माफी दिली. साहेबांचा स्वभाव तापट होता आणि लेखणी कधी कधी वाजवीपेक्षा पुढे धावे, हेही सांगितले पाहिजे. सन १८७९ मध्ये ते दक्षिण सोडून गेले. त्याच वर्षी निघालेली, या अनुभवांवर रचलेली त्यांची कादंबरी फार खपली. पण तो पैसा एका साप्ताहिकाच्या पायी बुडाला.

सन १८९० मध्ये लुइझियाना संस्थानाने काळ्यागोऱ्यांस आगगाडीत निरनिराळे डबे असावेत असा कायदा केला. न्यू ऑर्लिन्स येथील काळ्या नागरिकांनी समिती स्थापून टूर्जेसाहेबांस वकीलपत्र दिले. त्यांनी फी घेतली नाही. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हे जोडे शिवण्याचा धंदा करणारे गृहस्थ ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसले व पकडले गेले. त्यांच्या आठ पणज्या-पणजोबांपैकी एकच काय तो काळा. रूपाने ते गोरेच दिसत. मग जात ठरविणार कोण? तिकिटे पाहणारा कंडक्टर? साहेबांनी हाच प्रश्न वरिष्ठ न्यायालयापुढे मांडिला. आणखी एक मुद्दा तर आम्हांस फारच मार्मिक वाटतो. गोऱ्या मुलास मांडीवर घेतलेल्या काळ्या दाईस त्या डब्यात बसण्याची कायद्यानेच मुभा होती. चाकर म्हणून जिचा रंग कोणास खुपत नाही, तीच तिकीट काढून प्रवासी म्हणून आली की खुपते. तेव्हा अडचण रंगाची नसून बरोबरीची आहे, असे त्यांनी दाखविले.

बहुतेक न्यायमूर्ती प्रतिकूल आहेत हे साहेब आधीच ओळखून होते. १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक मताने निकाल विरुद्ध गेला. डबे सारखे असले तर वेगळे बसविण्यात अपमान नाही, असे न्यायालयाने धरिले. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्न मत लिहिले. प्लेसींनी २५ डॉलर दंड भरला.

सन १८९७ मध्ये टूर्जेसाहेब फ्रान्सातील बोर्दो शहरी अमेरिकेचे वकील म्हणून गेले, व सन १९०५ मध्ये तेथेच वारले. त्या निकालाचा पाया वरिष्ठ न्यायालयाने शाळांच्या खटल्यात सन १९५४ मध्ये काढून टाकिला. होमर प्लेसी यांस लुइझियानाच्या गव्हर्नरांनी ५ जानेवारी २०२२ रोजी मरणोत्तर माफी दिली. दंड भरल्यास तेव्हा १२५ वर्षे होत आली होती.