डॉ. अकासियो व्हिएगस : प्लेगच्या साथींतील एक सत्यनिष्ठ डॉक्टर

आपल्या पॅरिशच्या या महोत्सवप्रसंगीं पूर्वजांच्या पुण्याईचें स्मरण करीत असतां, मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला भूषणभूत झालेल्या एका डॉक्टराचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें उचित वाटतें.

अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं गोव्यांतील बारदेश महालांत हडफडें गांवीं झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून ते १८८० सालीं उत्तीर्ण झाले व मांडवी वस्तींत त्यांनीं दवाखाना थाटला. मांडवी हा बंदरालगतचा भाग. धान्याच्या वखारी, अंधाऱ्या चाळी, आणि जेथें धान्य तेथें उंदीर. १८८८ सालीं ते म्युनिसिपालिटीवर निवडून आले.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवींतील कांहीं लोकांना कडक ताप येऊन काखेंत व जांघेंत गांठी उठूं लागल्या, आणि थोड्याच दिवसांत ते दगावूं लागले. डॉक्टरांनीं लक्षणें पारखलीं व हा गांठीचा प्लेग आहे असें म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीपुढें उघड सांगितलें. हें सांगणें सोपें नव्हतें. मुंबईचें सारें वैभव बंदरावर. प्लेगचें नांव निघतांच परदेशीं तिच्या जहाजांची अडवणूक होणार, व्यापार बुडणार, शहरांत घबराट उडणार. म्हणून पुष्कळांना तो शब्दच नकोसा झाला. कोणी तापाला सौम्य नांव दिलें, कोणी निदानावर शंका घेतली. परंतु डॉक्टर ढळले नाहींत. इतर तज्ज्ञांनीं तपास केला, तेव्हां त्यांचेंच म्हणणें खरें ठरलें.

मग सरकारनें वॉल्डेमार हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञास पाचारण केलें. त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोचून घेतली. लोकांस मात्र टोचणीची भीति वाटे. त्यांतच १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं घरोघर झडत्या होऊं लागल्या, रोग्यांना बळानें हलविण्यांत येऊं लागलें, आणि लोक आजारी माणसें लपवूं लागले. अशा वेळीं ओळखीच्या डॉक्टराचा हात विश्वासाचा ठरतो. डॉ. व्हिएगसांनीं सुमारें १८,००० लोकांना स्वतः लस टोचली, असें सांगतात. वस्तींची स्वच्छता व उंदरांचा नाश यांचाहि त्यांनीं सारखा आग्रह धरला. उंदरांवरील पिसवांमुळें हा रोग पसरतो, हें फ्रेंच डॉक्टर सिमों यांनीं १८९८ सालीं कराचींत दाखविलें, तेव्हां त्या आग्रहाचें मर्म कळून आलें.

१९०६ सालीं ते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले व १९३३ सालीं निवर्तले. धोबीतलावास मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

वाचकहो, २०२० सालीं आपल्या देवळाचीं दारें बंद झालीं, तो काळ आपण विसरलों नाहीं. त्या दिवसांत मला ताप आला असतां मींहि तो दोन दिवस साधी सर्दी म्हणून सांगितला. लोक काय म्हणतील, हीच भीति! पुढें या सत्पुरुषाचें चरित्र वाचतांना मला त्या दोन दिवसांची लाज वाटली. रोगाला त्याच्या खऱ्या नांवानें हाक मारणें, हीहि शेजाऱ्यावरील प्रीतीच होय. ती आपल्या अंगीं येवो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करूं या.