विश्लेषण : सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयावरचे ‘वालचंद’ नेमके कोण?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत लातूर-नांदेडच्या अनेक विद्यार्थ्यांच्या पसंतीक्रमात ‘वालचंद, सांगली’ असते. पण हे वालचंद कोण, असे फारसे कुणी विचारत नाही. देशात मोटार बनवायचीच, या हट्टापायी ब्रिटिश सरकारशी झगडलेले उद्योगपती म्हणजे वालचंद हिराचंद दोशी.

लातूरशी काय नाते?
जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणे गुजराती जैन व्यापाऱ्यांचे. घरच्या धंद्यात मन रमेना, म्हणून ते लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाबरोबर ठेकेदारीत उतरले. सुरुवातीच्या कामांपैकी एक बार्शी लाइट रेल्वेचे होते. अडीच फुटी रुळांवरची हीच गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली.

मोटार कारखाना का रखडला?
मोटार कारखान्याची मूळ कल्पना सर विश्वेश्वरय्या यांची. ती घेऊन वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी करार झाला. सरकारने मात्र युद्धाचे कारण सांगून हात वर केले. खरे तर युद्धातच गाड्यांची सर्वाधिक गरज होती! त्याच दौऱ्यात विमानप्रवासात एका अमेरिकी विमान उद्योजकाशी ओळख झाली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. १९४२ मध्ये सरकारने तीही ताब्यात घेतली.

तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. मुंबईची काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी याच कंपनीची. ती २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

ते दानशूर होते का?
ब्रिटनचे मोटार उद्योगपती लॉर्ड नफिल्ड यांनी हयातीतच रुग्णालये आणि ऑक्सफर्डला प्रचंड देणग्या दिल्या. वालचंद त्या वळणाचे नव्हते. हाती आलेला पैसा जहाज, साखर, विमान अशा पुढच्या धाडसात जाई. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

शिक्षणाशी त्यांचे नाव जोडले गेले ते त्यांच्यामागे. सांगलीचे महाविद्यालय धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये ‘न्यू इंजिनीअरिंग कॉलेज’ म्हणून सुरू केले होते. १९५५ मध्ये त्याला वालचंद यांचे नाव मिळाले. जन्मगावी सोलापुरात त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघायला मात्र १९८३ उजाडले.