पंडिता रमाबाई : उपवास आणि मंडळीची प्रार्थना

ख्रिस्ती मंडळीने एकत्र जमून उपवास व प्रार्थना करण्याची चाल फार प्राचीन आहे. अंत्युखिया येथील मंडळीने उपवास व प्रार्थना करूनच बर्णबा व शौल ह्यांना सेवेसाठी पाठविले, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. परंतु उपवासाचे फळ केव्हा मिळते आणि अनेकांनी मिळून प्रार्थना का करावी, ह्या प्रश्नांचा उलगडा आपल्या महाराष्ट्रात एका विदुषीच्या चरित्रावरून जसा होतो तसा क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रावरून होईल. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ ह्या स्थानी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. तथापि शास्त्रीबुवांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्या मातेने तीच विद्या कन्येस दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थामागून तीर्थे पायी हिंडू लागले. अशातच १८७४ च्या सुमारास दक्षिणेत त्यांच्यावर दुर्भिक्ष ओढवले. शास्त्रीबुवांनी व्रते केली, अनुष्ठाने केली, उपवास केले, गाठीचा पैसा दानधर्मात वेचला. अखेर अकरा दिवस पाणी व झाडपाला ह्यांवर काढण्याची पाळी त्या कुटुंबावर आली. आधी वडील गेले, मागोमाग आई व थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा ह्या सोळा वर्षांच्या मुलीने स्वतः तिचा भार वाहिला.

त्या उपवासांत निष्ठेची उणीव होती असे कोण म्हणेल? उणीव होती ती सोबतीची. ते घर एकटेच उपाशी राहिले, एकटेच देवाला आळवीत राहिले, आणि त्यांच्या अन्नाची चिंता वाहणारे कोणी भोवती नव्हते. हे दुःख रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

बंधू श्रीनिवास ह्यांच्यासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्यांनी गौरविले. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८२ साली पतीही निवर्तले आणि तान्ही मनोरमा तेवढी पदरी उरली. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार करून बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत व्याख्याने देऊन साह्य मिळविल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले.

येथे त्यांच्या प्रार्थनेची कसोटी लागली. सदनात प्रत्येकीस आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ह्यावरून पुण्यात मोठा गवगवा झाला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. रमाबाईंनी कोणावर बळजोरी केली नाही, परंतु दारही लावले नाही. आणि त्याची किंमत निमूटपणे भरली.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. बाईंच्या दृष्टीपुढे आपले जुने दिवस उभे राहिले. स्वतः तेथे जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा वाचवून आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर तंबू व झोपड्यांत ठेवावे लागले. तेथेच १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेतील दुष्काळाने आणखी शेकडो मुली आल्या, आणि आश्रमाची संख्या दीड हजारांच्याही वर गेली. भुकेल्यास आपली भाकर वाटून द्यावी व निराश्रितास घरी आणावे, हाच देवाला मान्य असा उपवास, असे यशया संदेष्ट्याने शिकविले आहे. जी स्वतः अकरा दिवस उपाशी राहिली होती, तिने हा उपवास अशा रीतीने पाळला.

परंतु पोट भरले म्हणजे मन नवे होतेच असे नाही, हे त्या जाणून होत्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे घरोघरी प्रार्थनामंडळे जमतात असे कळल्यावर त्यांनी मनोरमाबाईंना व मिनी एब्रम्स ह्या अमेरिकन मिशनरीबाईंना तिकडे पाठविले. मग जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी आश्रमातील मुलींना विचारले की, आपल्या स्वतःच्या व हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या हृदयपालटासाठी रोज प्रार्थना करण्यास कोण येईल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली व त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. ३० जून रोजी बाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवीत असता मुली अश्रू ढाळून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि पाठ थांबवावा लागला. शेकडो कंठांतून एकाच वेळी प्रार्थना निघे. कोणी आपली पातके कबूल करी, कोणी दुसरीची क्षमा मागे. हा गलबला काहींना रुचला नाही. त्यावर बाईंचे म्हणणे असे की, आपल्या देशातील लोकांनी आपल्या रीतीने देवापुढे हृदय मोकळे करावे. परदेशी शांततेचा साचा त्यांच्यावर लादू नये.

त्या प्रार्थनेनंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास निघाल्या. शेती, विणकाम, छापखाना ही कामे चालूच राहिली, आणि अंध स्त्रियांसही आश्रमात घर मिळाले. खेड्यातील साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावे म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि त्यांनी त्याचे भाषांतर केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेविला. त्यांचा आश्रम आजही केडगावी सेवा करीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले शिकतात आणि बहुतेकांच्या घरी कोणता ना कोणता उपवास पाळला जातो. तो ज्याने त्याने श्रद्धेने पाळावा. मात्र त्या दिवशी आपल्या ताटातून वाचलेला घास कोणाच्या ताटात गेला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मंडळी उपवासासाठी जमते तेव्हा तिच्यात एखादे घर अन्नावाचून एकटे तर राहिले नाही ना, ह्याची चौकशी प्रार्थनेच्या आधी व्हावी. अनंतशास्त्र्यांच्या दाराशी अशी चौकशी करणारे कोणी आले नाही. त्यांच्या कन्येने मात्र ती चौकशी करण्यातच आपले सारे आयुष्य वेचले.