ध्वनिमुद्रिकांचे शिल्पकार : जी. एन. जोशी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आवडते गाणे घरी ऐकायचे तर ग्रामोफोनची काळी तबकडी विकत आणावी लागे. ही तबकडी लाखेपासून बनत असे. पळस आणि कुसुम या झाडांवर वाढणारी ही लाख छत्तीसगडच्या जंगलांतही विपुल मिळते. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. या छोट्याशा अवकाशात मराठी कविता आणि भारतीय संगीत जपून ठेवण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत जी. एन. जोशी यांचे नाव अग्रगण्य आहे.

गोविंद नारायण जोशी यांचा जन्म १९०९ साली वऱ्हाडातील खामगाव येथे झाला. त्या काळी वऱ्हाड, नागपूर आणि रायपूर हे सारे भाग मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात मोडत. जोशी यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचा खरा ओढा संगीताकडे होता.

त्या वेळी मराठी मनावर नाट्यसंगीताचे अधिराज्य होते. ताना आणि आलापांच्या वैभवात शब्द मागे पडत. अशा काळात, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ध्वनिमुद्रित केली. देशपांडे हे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे, जोशींच्याच वयाचे आणि पेशाने वकील. कवितेतील भाव श्रोत्यांच्या हृदयापर्यंत पोहोचावा, एवढ्यासाठीच सूर वापरण्याची जोशी यांची ही रीत लोकांना अतिशय भावली. तबकडी कमालीची गाजली आणि भावगीत हा नवा गानप्रकार घरोघरी पोहोचला. पुढे गंगूबाई हनगल यांच्यासह त्यांनी गायिलेली युगुलगीतेही लोकप्रिय झाली.

कीर्ती वाढत असतानाच १९३८ साली जोशी यांनी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या ध्वनिमुद्रण कंपनीत अधिकारीपद स्वीकारले. येथे त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. आता स्वतः गाण्यापेक्षा इतरांचे गाणे टिपून ठेवणे हे त्यांचे मुख्य काम झाले. ते सोपे नव्हते. तासभर रंगणारा राग साडेतीन मिनिटांत बसवणे अनेक बुजुर्गांना रुचत नसे. यंत्रासमोर गाण्याचा संकोचही असे. जोशी स्वतः गायक असल्याने कलावंतांचे मन त्यांना कळे. गोडीने, चिकाटीने आणि आदर राखून ते त्यांना राजी करीत. पुढे दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या आल्या; एका बाजूवर सुमारे वीस मिनिटांचे संगीत मावू लागले आणि रागाला मोकळा श्वास मिळाला.

या नव्या सोयीचा सुंदर उपयोग १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत दिसतो. तिची निर्मिती जोशी यांची होती. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस उलगडत जातो. प्रहरांप्रमाणे राग बदलतात; गाण्याचा एकही शब्द नसताना कथा समजते. हे तिन्ही कलावंत तेव्हा तिशीच्या आसपास होते. रागदारीच्या मैफलीत संतूर आणि गिटार या वाद्यांना अजून आपले स्थान मिळवायचे होते. अशा तरुणांवर विश्वास टाकणे हे धाडसच होते. ते सार्थ ठरले. ही ध्वनिमुद्रिका भारतात आणि परदेशांत अफाट लोकप्रिय झाली आणि अनेक पाश्चात्त्य श्रोत्यांना तिने भारतीय रागसंगीताची पहिली ओळख करून दिली.

१९९४ साली जोशी यांचे निधन झाले. गायक म्हणून मिळणाऱ्या टाळ्यांचा मोह बाजूला सारून त्यांनी इतरांचे सूर जतन केले. मैफल संपली की सूर हवेत विरून जातात. परंतु जोशी यांच्या परिश्रमांमुळे त्या काळातील अनेक स्वर पुढच्या पिढ्यांना ऐकता आले. हेच त्यांच्या जीवनाचे खरे संचित होय.